मानवी देहाचे वैद्यकीय विच्छेदन आणि इस्लाम : नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिक परिसरात शरीररचनाशास्त्र शिकवतो. दरवर्षी प्रथम वर्षाचे प्रवेश आटोपले की मालेगाव, मनमाड, वडाळा आणि जुन्या नाशकातून आलेल्या विद्यार्थ्यांचे आणि त्याहून अधिक त्यांच्या पालकांचे तेच ते प्रश्न सुरू होतात. ते येथे एकत्र केले आहेत. मी मुफ्ती (धार्मिक निर्णय देणारा विद्वान) नाही. विद्वानांची मते वाचून जे समजले आणि डिसेक्शन हॉलमध्ये जे रोज दिसते, तेवढेच लिहिले आहे. स्वतःच्या घरातील निर्णय आपापल्या मुफ्तींना विचारूनच घ्यावा. त्यांच्यापुढे प्रश्न नेमका कसा मांडायचा, यासाठी ही उत्तरे उपयोगी पडावीत.

१. पोस्टमॉर्टेम आणि डिसेक्शन यांत फरक काय? मराठीत तर दोन्हींना शवविच्छेदनच म्हणतात.

शब्द एक असला तरी कामे दोन आहेत. पोस्टमॉर्टेम मृत्यूचे कारण शोधण्यासाठी केले जाते. ते काही तासांत आटोपते आणि देह शिवून नातेवाइकांच्या ताब्यात दिला जातो. डिसेक्शन शिकण्यासाठी असते. देहात फॉर्मालिनसारखी द्रव्ये भरून तो टिकवला जातो आणि विद्यार्थी कित्येक महिने थराथराने त्वचा, स्नायू, नसा व अवयव वेगळे करत जातात. धार्मिक चर्चेतही या दोहोंना सारखे वजन नाही, कारण पहिल्यात दफन लांबते ते एखाद्या दिवसाने, तर दुसऱ्यात वर्षभराने किंवा त्याहूनही अधिक काळाने. या पानावर 'विच्छेदन' म्हणजे शिक्षणासाठीचे विच्छेदन. पोस्टमॉर्टेमचा विचार प्रश्न १२ मध्ये आहे.

२. कुरआनमध्ये विच्छेदनाला मनाई आहे का?

थेट आयत नाही, मनाईची नाही आणि परवानगीचीही नाही. विद्वान ज्या आयतींवर युक्तिवाद उभा करतात त्यांतील एक सतराव्या सूरेतील सत्तरावी आहे, जिच्यात अल्लाहने आदमच्या संततीला प्रतिष्ठा दिल्याचे सांगितले आहे, आणि ही प्रतिष्ठा मृत्यूनंतरही टिकते असे सर्वच मानतात. दुसरी पाचव्या सूरेतील बत्तिसावी, ज्याने एक जीव वाचवला त्याने जणू सगळी माणसे वाचवली, असे सांगणारी. मनाई करणारे पहिलीवर भर देतात, परवानगी देणारे दोन्ही एकत्र वाचतात. दुसरीच्या लगेच आधीच्या आयतीकडे मात्र कोणी फारसे वळत नाही. तिच्यात भावाचा खून केलेल्या आदमपुत्राला एक कावळा जमीन उकरून दाखवतो आणि प्रेत कसे झाकायचे ते शिकवतो.

३. 'मृताचे हाड मोडणे हे जिवंताचे हाड मोडण्यासारखे' अशी हदीस आहे ना? मग विषय तिथेच संपत नाही का?

ही हदीस हजरत आयशा यांच्याकडून आली आहे आणि अबू दाऊद व इब्न माजा या दोन्ही संग्रहांत आढळते. मनाईचा सर्वांत भक्कम आधार तीच आहे. पण ती कोणत्या प्रसंगी उच्चारली गेली, हेही भाष्यकारांनी नोंदवले आहे. सुयूती यांनी हजरत जाबिर यांच्या हवाल्याने दिलेल्या रिवायतीनुसार एका दफनाच्या वेळी कबर खणणाऱ्याच्या हाती जुने हाड लागले आणि तो ते मोडू लागला. तेव्हा पैगंबरांनी त्याला अडवले आणि ते हाड कबरीच्या कडेला मातीत सारून ठेवायला सांगितले.

जायज (धर्माने मान्य) म्हणणारे यावरून असे म्हणतात की येथे निषेध निष्काळजीपणाचा आणि विटंबनेचा आहे, गरजेपोटी केलेल्या कामाचा नाही. मला त्या प्रसंगाचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात 'मोडू नकोस' यापुढे जाऊन त्या हाडाचे काय करायचे तेही सांगितले आहे. प्रश्न १५ मध्ये मी त्याकडे परत येतो.

४. जायज म्हणणारे विद्वान कोणत्या आधारावर म्हणतात?

मुख्य आधार फिक्हचा (इस्लामी धर्मकायद्याच्या शास्त्राचा) सर्वपरिचित नियम आहे : जरूरत निषिद्ध गोष्टीलाही मुभा देते. त्याला जोडूनच दुसरा नियम येतो, की ही मुभा जरूरतीपुरतीच असते. जुन्या ग्रंथांत याचे बोलके उदाहरण आहे. गरोदर स्त्री मरण पावली आणि पोटातील मूल जिवंत असेल, तर तिचे पोट चिरून मूल बाहेर काढण्यास हनफी आणि शाफिई या सुन्नी मजहबांच्या (धर्मकायद्याच्या परंपरांच्या) फकीहांनी, म्हणजे जाणकारांनी, परवानगी दिली. जिवंताचा हक्क मृताच्या देहाच्या अखंडतेपेक्षा मोठा, हे तत्त्व तेथे मान्य झाले. आधुनिक विद्वानांनी तेच पुढे नेले. डॉक्टरला शरीराची रचना ठाऊक नसेल तर जिवंत रुग्ण दगावतील, म्हणून शिकणे हीच जरूरत.

मक्केच्या राबिता या जागतिक मुस्लिम संघटनेच्या फिक्ह अकादमीने हिजरी १४०८ मध्ये, म्हणजे १९८७ साली, याच धर्तीवर ठराव केला. गुन्ह्याचा तपास, रोगाचे निदान आणि वैद्यकीय महाविद्यालयांतील शिक्षण या तीन कारणांसाठी विच्छेदनाला त्यात परवानगी आहे. शिक्षणाच्या बाबतीत अटी आहेत. देह ओळख पटलेल्या व्यक्तीचा असेल तर तिची मृत्यूपूर्वीची किंवा वारसांची संमती हवी, विच्छेदन गरजेपुरतेच हवे, आणि स्त्रीचा देह स्त्री डॉक्टरांनीच हाताळावा, त्या उपलब्ध नसतील तरच इतरांनी. शेवटी, कारण कोणतेही असो, देहाचे सर्व भाग दफन केलेच पाहिजेत.

५. मग आपल्याकडचे बहुतेक मौलाना 'नाही' का म्हणतात?

कारण ते मक्केच्या ठरावाला बांधील नाहीत आणि त्यांचा युक्तिवादही वेगळा आहे. उपखंडातील हनफी परंपरेत, देवबंदी असो वा बरेलवी, अनेक मुफ्तींची भूमिका अशी आहे की देह ही अल्लाहची अमानत आहे, माणूस त्याचा मालक नाही, आणि जे आपले नाही ते दान करता येत नाही की त्याचे मृत्युपत्रही करता येत नाही. जरूरतीबद्दलही त्यांचे माप कडक आहे. पोटातील मूल हा समोर असलेला एक ठरलेला जीव आहे, तर विद्यार्थी पुढे कधीतरी कुणाला तरी वाचवेल ही केवळ शक्यता आहे, असे ते म्हणतात. या हरकतीला हलक्यात घेऊ नये. एकदा एका ज्येष्ठ मौलानांनी मला शांतपणे विचारले होते, "साहेब, तुमच्या हॉलमध्ये शिकलेल्या शंभरांपैकी किती जणांनी पुढे सर्जरी केली?" मला चटकन उत्तर देता आले नव्हते. आज मी एवढे म्हणेन की इंजेक्शन देणारा साधा जनरल प्रॅक्टिशनरसुद्धा नितंबातील मोठी नस कुठून जाते हे याच टेबलावर शिकलेला असतो.

६. जुन्या काळच्या मुस्लिम हकिमांनी विच्छेदन केले होते का?

याची साक्ष संमिश्र आहे. फुप्फुसांमधून होणारे रक्ताभिसरण प्रथम लिहून ठेवणारे इब्न अल-नफीस यांनी ते इब्न सीना यांच्या ग्रंथातील शरीररचनेवरच्या भाष्यात १२४२ मध्ये मांडले. पण त्याच भाष्यात शरियत आणि मनातील दया यांमुळे आपण विच्छेदनापासून दूर राहिलो, असेही ते सांगतात. दुसरीकडे अब्दुल लतीफ अल-बगदादी यांनी १२०० च्या सुमारास इजिप्तमधील भीषण दुष्काळात उघड्यावर पडलेल्या सांगाड्यांची पाहणी केली आणि दोन हजारांहून अधिक कवट्या पाहून खालचा जबडा हे एकच हाड असते असे लिहिले. गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या परंपरेत ती दोन हाडे मानली जात. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इराणमधील मन्सूर इब्न इल्यास यांनी संपूर्ण मानवी शरीराची चित्रे असलेला फारसी ग्रंथ तयार केला.

थोडक्यात, पाहण्याची ओढ होती आणि कापण्याचा संकोचही होता. मालेगावच्या मन्सूरा येथील तिब्बिया महाविद्यालयात बीयूएमएस (युनानी वैद्यकाची पदवी) करणारे विद्यार्थी हा विषय आजही 'तशरीहुल बदन' या नावाने शिकतात, आणि तशरीह म्हणजेच विच्छेदन.

७. माझ्या मुलीला एमबीबीएसला प्रवेश मिळाला आहे. डिसेक्शन केले तर तिला गुनाह लागेल का?

देह मिळवणे, त्याची संमती घेणे किंवा न घेणे आणि अखेर त्याचे काय करायचे ते ठरवणे, यांपैकी काहीही विद्यार्थ्याच्या हाती नसते. तिच्यापुढे अभ्यासक्रमाने घालून दिलेले काम असते. विच्छेदनाबाबत कडक मत असणारे काही मुफ्तीही विद्यार्थ्याला या कारणाने मोकळीक देतात. तरीही मुलीला अस्वस्थ वाटत असेल तर तिने ते पहिल्याच दिवशी शिक्षकांना सांगावे. दरवर्षी कुणीतरी हात ॲप्रनच्या खिशात घालून टेबलापासून दोन पावले मागे उभा असतो, आणि तो नेहमी मुस्लिमच असतो असे नाही. अशांना आम्ही आधी पाहायला सांगतो, चिमटा धरायला देतो आणि स्कॅल्पेल नंतर. परीक्षेत मात्र स्पॉटिंग (समोर ठेवलेला भाग ओळखणे) आणि विच्छेदित भागांवरची तोंडी चुकत नाही.

८. स्त्रीचा देह पुरुष विद्यार्थ्यांसमोर उघडा ठेवणे योग्य आहे का?

मक्केच्या ठरावातील अट प्रश्न ४ मध्ये दिली आहे. आपल्याकडे मुलामुलींच्या बॅचेस एकत्र असतात, त्यामुळे ती जशीच्या तशी पाळली जात नाही. जे पाळता येते आणि पाळायलाच हवे ते असे : ज्या भागाचे विच्छेदन चालू आहे तेवढाच उघडा, बाकी देह ओल्या कापडाने झाकलेला. सतर (शरीराचे झाकायचे भाग) झाकण्याचा इस्लामी नियम आणि ऊती सुकू नयेत म्हणून आम्ही घेतो ती काळजी, या एका बाबतीत दोन्हींची मागणी एकच आहे.

९. मय्यतीला हात लावल्यावर गुस्ल (धार्मिक स्नान) करावे लागते का? त्याच कपड्यांत नमाज होते का?

सुन्नी मजहबांच्या प्रचलित मतानुसार केवळ स्पर्शाने गुस्ल वाजिब (बंधनकारक) होत नाही. शिया फिक्हमध्ये मात्र गुस्ल न दिलेल्या थंड मय्यतीला स्पर्श झाल्यास गुस्ल आवश्यक आहे, म्हणून शिया विद्यार्थ्यांनी आपल्या मरजाचा (ते ज्यांना मानतात त्या ज्येष्ठ धर्मविद्वानांचा) हुकूम पाहावा. कपड्यांवर रक्त किंवा देहातील द्रव लागला असेल तर तो धुतल्याशिवाय त्या कपड्यांत नमाज पढू नये. ॲप्रन हॉलमध्येच काढून ठेवण्याची सवय लावली की हा प्रश्न बहुतांशी मिटतो.

१०. गैरमुस्लिम देहावर शिकलेले चालते, मुस्लिम देहावर नाही, असे ऐकले. हे खरे आहे का?

असे मत आहे. सौदी अरेबियातील ज्येष्ठ उलेमांच्या परिषदेने १९७६ मध्ये गुन्हा आणि साथरोग यांसाठी विच्छेदनाला परवानगी दिली, पण शिक्षणासाठी मात्र शरियतनुसार ज्यांना संरक्षण नाही अशांच्या देहांवर भागवावे, असे सुचवले. शियांमध्ये आयतुल्लाह सिस्तानी यांचाही फतवा असा आहे की मुस्लिम मय्यतीचे विच्छेदन जायज नाही, गैरमुस्लिमाचे आहे.

हा भेद नाशिकमध्ये कसा लागू करायचा, हे मला खरोखरच कळत नाही. टेबलावरील देह शेजारच्या गल्लीतील एखाद्या आजोबांचा असू शकतो, ज्यांनी स्वखुशीने फॉर्म भरून दिला होता. त्यांच्या देहावर आमच्या मुलांनी शिकावे आणि आमच्या देहावर कोणी शिकू नये, हे बोलून दाखवणेही अवघड आहे. एका यहुदी माणसाचा जनाजा जाताना पैगंबर उभे राहिले आणि कोणी आठवण करून दिल्यावर 'तोही एक जीव नाही का?' असे म्हणाले, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. हे मत मानणाऱ्यांनी ती हदीसही सोबत ठेवावी, एवढेच माझे म्हणणे.

११. बेवारस मुस्लिम मय्यत महाविद्यालयात जाऊ शकते का?

कायद्याने जाऊ शकते. १९४९ च्या ॲनाटॉमी ॲक्टनुसार महाराष्ट्रात ठरावीक मुदतीत कोणी दावा न केलेला देह वैद्यकीय संस्थेला देता येतो. संमतीचा विचार करता हीच सर्वांत नाजूक जागा आहे, कारण ना मृताने काही सांगितलेले असते, ना वारस समोर असतात. मक्केच्या ठरावातील संमतीची अट ओळख पटलेल्या देहापुरती आहे, पण ज्याचा कोणी वारस नाही त्याचे कफन-दफन ही फिक्हनुसार सगळ्या समाजाची जबाबदारी आहे. ज्यांना हे खटकते त्यांनी महाविद्यालयावर रागावण्यापेक्षा मुदत संपण्याआधी पोलीस ठाण्यात जाऊन देहाचा ताबा मागावा. अनेक शहरांत तरुणांचे गट हे काम गाजावाजा न करता करतात.

१२. पोलिसांनी पोस्टमॉर्टेम सांगितले तर धार्मिक कारणाने नकार देता येतो का?

नाही. अपघात, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू अशा प्रकरणांत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार पोलीस चौकशी करतात आणि गरजेनुसार देह तपासणीसाठी पाठवतात. नातेवाइकांच्या संमतीचा तेथे प्रश्नच नसतो. धर्माच्या बाजूनेही येथे विरोध कमी आहे, कारण खुनाला वाचा फोडणे आणि निरपराध्याला सोडवणे यांना फिक्हमध्ये मोठे स्थान आहे. कुटुंबाला मागता येतो तो वेळ. २०२१ पासून पुरेशी सोय असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही पोस्टमॉर्टेम करता येते. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला देह आणि घातपाताचा संशय ही प्रकरणे सर्वसाधारणपणे त्यातून वगळली आहेत. दफन लवकर व्हावे म्हणून तशी विनंती नम्रपणे करावी.

१३. मला देहदानाचा फॉर्म भरायचा आहे. घरचे तयार नाहीत. काय करावे?

मतभेद प्रश्न ४ आणि ५ मध्ये आले आहेत. व्यवहारात तुमची सही असली तरी देह आणून देणारे घरचेच असतात, आणि त्यांनी नकार दिला तर महाविद्यालय मागे लागत नाही. म्हणून फॉर्मपेक्षा बोलणे आधी करा. एक विनंती आहे : नेत्रदान आणि देहदान यांची गल्लत करू नका. नेत्रदानात मृत्यूनंतर साधारण सहा तासांत घरी येऊन बुब्बुळाचा पारदर्शक पडदा काढून नेतात आणि दफन त्याच दिवशी होते. अवयवांच्या प्रत्यारोपणाला इस्लामी देशांच्या संघटनेच्या जेद्दाह येथील फिक्ह अकादमीने १९८८ मध्ये अटींसह परवानगी दिली. आपल्याकडील सगळे मुफ्ती तेही मान्य करत नाहीत, पण देहदानापेक्षा हा विषय बोलायला सोपा आहे.

१४. देहदान केलेल्याच्या जनाज्याची नमाज कधी पढायची?

गुस्ल, कफन आणि नमाज घरीच करून मग देह सुपूर्द करणे हा सरळ मार्ग आहे. महाविद्यालयाला त्यात अडचण नसते, फक्त वेळ लावू नये. नमाज राहून गेली असेल आणि पुढे अवशेष परत मिळाले, तर हनफी मत असे : देहाचा निम्म्याहून अधिक भाग, किंवा डोक्यासह निम्मा भाग असेल तर गुस्ल आणि नमाज होते. त्याहून कमी असेल तर कापडात गुंडाळून नुसते दफन करावे.

१५. विच्छेदन झाल्यावर देहाचे पुढे काय होते?

हा प्रश्न सर्वांत कमी लोक विचारतात. खरे तर तो सर्वांत आधी विचारायला हवा. 'कापणे जायज की नाजायज' यावर तासन्‌तास बोलणारे पालक मी पाहिले आहेत, पण वर्षअखेरीस टेबल रिकामे होते तेव्हा त्यावरचे कुठे गेले, हे विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मक्केच्या ठरावाने जी अट सर्व कारणांना सारखी लावली ती दफनाची. जाबिर यांच्या रिवायतीत कबर खणणाऱ्याला सांगितले तेही हेच. आणि सगळ्यात जास्त ढिलाई येथेच होते.

आमच्या हॉलमध्ये प्रत्येक टेबलाखाली झाकणाची एक बादली असते. तिच्यावर टेबलाचाच क्रमांक रंगवलेला असतो. चरबीचा गोळा, त्वचेची पट्टी, तुटलेली बारीक नस, जे काही निघेल ते त्याच बादलीत जाते, दुसऱ्या टेबलाच्या बादलीत नाही. असे केले तरच वर्षाच्या शेवटी एका माणसाचे सगळे एकत्र राहते. माझ्या उमेदवारीच्या काळात एका संस्थेत मी सगळ्या हॉलसाठी एकच पिंप पाहिले होते. त्यात कोण कोणाचे होते हे अल्लाहच जाणे. तेव्हा मला त्यात वावगे काही वाटले नव्हते, याची आज लाज वाटते.

अवशेषांची अंतिम व्यवस्था संस्थेगणिक वेगळी असते. कुठे दहन होते, कुठे दफन. शरीराचे भाग वैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार पिवळ्या पिशवीतून भट्टीत जाऊ शकतात, आणि जाळणे इस्लामी दृष्टीने मान्य नाही. म्हणून देहदान करणाऱ्या कुटुंबाने दोन गोष्टी लेखी मागाव्यात : अवशेष वेगळे ठेवले जातील आणि दफनासाठी परत मिळतील. महाविद्यालयाने नकार दिला तर दुसरे महाविद्यालय पाहावे. मला विचाराल तर ही हमी असेल तर अनेक मौलानांचा सूरही मवाळ होतो. फतवा बदलत नाही, पण बोलणे पुढे जाते.

१६. मॉडेल किंवा संगणकावरचे विच्छेदन पुरेसे नाही का? मग जरूरत उरतेच कुठे?

युक्तिवाद म्हणून हा चोख आहे, कारण पर्याय मिळाला की जरूरतीची मुभा संपते. पण पर्याय अजून पूर्ण नाही. प्लॅस्टिकच्या मॉडेलमध्ये प्रत्येक नस पुस्तकाप्रमाणे असते, माणसात नसते. एकाची धमनी जेथे फुटते तेथे दुसऱ्याची फुटत नाही, आणि शस्त्रक्रियेत घात तेथेच होतो. मधला मार्ग मात्र आहे. शिक्षकांनी आधीच नीट विच्छेदित करून ठेवलेल्या नमुन्यांवर अनेक बॅचेस शिकू शकतात, त्यामुळे कमी देह लागतात. पोस्टमॉर्टेमच्या बाबतीत दिल्लीच्या एम्सने २०२१ मध्ये स्कॅनद्वारे आभासी शवविच्छेदन सुरू केले. ही सोय जिल्ह्यांपर्यंत पोहोचली तर प्रश्न १२ चे उत्तर बदलावे लागेल.

१७. वडिलांचा पाय मधुमेहामुळे कापावा लागला. तो पाय दफनासाठी मागता येतो का?

हो. शस्त्रक्रियेच्या आधीच रुग्णालयाला लेखी अर्ज द्यावा, नंतर धावपळ होते. नमाज नसते. स्वच्छ कापडात गुंडाळून कब्रस्तानात दफन करावे.

१८. माझ्याकडे सीनियरकडून विकत घेतलेला बोन सेट आहे. खऱ्या हाडांचा. आता मी डॉक्टर झालो, त्याचे काय करू?

ज्युनियरला विकू नका, जरी तुम्हालाही तो तसाच मिळाला असला तरी. त्या हाडांचा माणूस कोण होता, त्याने संमती दिली होती का, हे तुम्हाला ठाऊक नाही आणि आता कळणारही नाही. भारताने मानवी हाडांच्या निर्यातीवर १९८५ मध्ये बंदी घातली, पण देशातल्या देशात जुने सेट एका वसतिगृहाच्या कपाटातून दुसऱ्या कपाटात फिरतच राहिले. तो सेट कोणत्याही महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात द्या आणि पोच घ्या. शिकण्यासाठी उपयोगी नसेल तर दफन करावा, असे त्याच पत्रात लिहा. विभागाने दफनाची तयारी दाखवली तर स्वतः हजर राहा. हाडे मोजून द्या, मनगटाची आठ बारीक हाडे बहुधा हरवलेली असतात. माझ्या सेटमध्ये पाचच निघाली होती, उरलेली तीन जुन्या पेन्सिल बॉक्समध्ये सापडली.